चवीपुरते मीठ म्हणजे किती?

मीठ आणि रक्तदाब या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना आमच्या वैद्यकीय आणि आहार सल्लागारांनी दिलेली ही उत्तरे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. गोळ्यांचा डोस विचारणाऱ्या पत्रांना या सदरातून उत्तर देता येत नाही, क्षमस्व.

माझे वय ६२, यजमानांचे ६८. दोघांनाही बीपीची गोळी चालू आहे. पानात वरून मीठ घेणे वर्षापूर्वीच बंद केले, तरी डॉक्टर दर वेळी "मीठ कमी करा" म्हणतात. शिजवलेले मीठ बाधत नाही, कच्चेच बाधते, असे ऐकले आहे. मग आणखी काय कमी करायचे? (गृहिणी, सांगली)

कच्चे मीठ वाईट आणि शिजलेले चांगले, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की काही घरांत पथ्याचे म्हणून मीठ तव्यावर भाजून वेगळ्या बरणीत भरून ठेवतात. भाजल्याने मिठातला ओलावा जातो, बाकी काहीही होत नाही. मीठ नुसते वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आमटी शंभराच्या आसपास उकळते. पातेल्यात पडलेले सोडियम जसेच्या तसे पोटात जाते. वरचे मीठ सोडलेत हे चांगलेच केलेत, पण आपल्या जेवणात मोठा वाटा आत शिजणाऱ्या मिठाचा असतो. युरोप-अमेरिकेत बहुतेक मीठ पाकिटातल्या आणि हॉटेलातल्या पदार्थांतून येते. आपल्याकडे अजून ते मुख्यतः घरच्या डब्यातून येते. हे एका अर्थी बरेच, कारण डबा आपल्या हातात असतो.

आधी सध्याचा खप मोजा. मिठाची नवी एक किलोची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा आणि संपेल तेव्हा दिवस मोजा. समजा दोघांत ती ४५ दिवसांत संपली. १००० भागिले ४५, भागिले २, म्हणजे माणशी रोज ११ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे आणि त्यात बाहेरचे फरसाण, पाव, बिस्किटे सगळे आले. म्हणून घरच्या डब्यातून माणशी ४ ग्रॅम धरा. दोघांचे रोजचे ८ ग्रॅम झाले, तर एक किलोची पिशवी चार महिने पुरली पाहिजे. लोणच्याला आणि वाळवणाला लागणारे मीठ वेगळे काढा, नाहीतर हिशेब चुकतो. आलेगेले पाहुणे असतील तर तेही लक्षात घ्या.

आता ८ ग्रॅमवर यायचे कसे? एकदम येऊ नका. पहिल्या दिवशी अळणी जेवण, दुसऱ्या दिवशी कुरकुर आणि आठवड्याने सगळे पूर्ववत, असेच बहुतेक घरांत होते. रोजचे २२ ग्रॅम असतील तर आधी १७, पंधरा दिवसांनी १३, मग १०, मग ८. जिभेला कमी मिठाची सवय लागायला साधारण महिना-दोन महिने लागतात. त्यानंतर पूर्वीची आमटीच खारट लागायला लागते. सकाळी दिवसभराचे मीठ वजनकाट्यावर मोजून छोट्या वाटीत काढा आणि दिवसभर त्याच वाटीतून वापरा. चमच्याचा भरवसा धरू नका. ५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्यात बारीक मीठ सपाट भरले तर ते सुमारे ६ ग्रॅम भरते, पण घरोघरचे चमचे निरनिराळे आणि "चिमूट" तर प्रत्येकीची वेगळी. खड्याचे मीठ चमच्यात कमी मावते, त्यामुळे खडेमिठावरून बारीक मिठावर आलेल्या घरात त्याच मापाने मीठ नकळत वाढते.

वाटीतले ८ ग्रॅम असे वाटता येतील: आमटीला अडीच, दोन भाज्यांना मिळून चार, कोशिंबीर किंवा ताकाला एक, उरलेला अर्धा ग्रॅम संध्याकाळच्या खिचडी-पिठल्याला कमी पडेल म्हणून राखीव. कणकेत आणि भातात मीठ नको. पोळीबरोबर भाजी असतेच, भातावर आमटी असतेच. तिथले मीठ कोणाच्या लक्षातही येत नाही. भाजीला मीठ शेवटी घाला. फोडीच्या वर राहिलेले मीठ जिभेला लगेच कळते, आत मुरलेले कळत नाही, म्हणून थोडक्यात भागते. आमसूल, चिंच, लिंबू, भाजलेले जिरे, लसूण, ओले खोबरे यांनी उरलेली कसर भरून निघते.

आणि बिघडते कुठे, तर इथे: भाजीतले मीठ कमी केले म्हणून पानात लोणचे वाढते. १५ टक्के मीठ असलेल्या कैरीच्या लोणच्याच्या १० ग्रॅम फोडीत दीड ग्रॅम मीठ असते, म्हणजे भाजीत वाचवले ते डाव्या बाजूने परत आले. उडदाच्या एका पापडात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मिठाइतके सोडियम असते. पापडखारही सोडियमचाच क्षार आहे. मीठ वाचवायचे तर डावी बाजू आधी पाहावी, असे आमचे मत.

गोळी चालू आहे म्हणून मीठ चालते, हेही खरे नाही. जास्त मिठाने बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम बोथट होतो आणि मग डॉक्टर गोळी वाढवतात.

आम्ही साधे मीठ बंद करून सैंधव आणले. त्याने बीपी वाढत नाही म्हणतात. बरोबर ना? (पुणे)

नाही. शेंदेलोण, सैंधव, गुलाबी मीठ काहीही म्हणा, त्यात ९७ टक्क्यांच्या आसपास सोडियम क्लोराइडच असते. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे असतात, पण इतके थोडे की ते पुरेसे मिळावेत म्हणून मीठ खायचे तर रक्तदाबाचा विचारच सोडावा लागेल. पादेलोणाचेही तेच. उपवासाला जरूर वापरा, मोजून.

एक गोष्ट मात्र गमावली जाते: आयोडीन. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा आपल्याकडे नियम आहे. सैंधव बहुधा बिनआयोडीनचे असते. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर रोजचे मीठ आयोडीनयुक्तच ठेवा आणि तेच कमी वापरा. मीठ कमी केल्याने आयोडीन कमी पडेल, अशीही एक शंका आली आहे. ५ ग्रॅम मिठातून किमान ७५ मायक्रोग्रॅम मिळते, दूध-मासे यांतूनही येते. डबा घट्ट झाकणाचा ठेवा, शेगडीपासून लांब. ओलाव्याने आणि उष्णतेने आयोडीन उडते.

वडिलांचे वय ७१. मधुमेह आहे, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. त्यांच्यासाठी "लो सोडियम" मीठ आणले आहे. रोज वापरले तर चालेल? (ठाणे)

आज ते पाकीट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. या अंकातले हे सगळ्यांत महत्त्वाचे उत्तर आहे.

लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ही कल्पना चांगली आहे आणि तिला भक्कम पुरावा आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठीपुढचे आणि रक्तदाब असलेले, असे हे लोक होते. निम्म्या खेड्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले. सुमारे पाच वर्षांत त्या खेड्यांतले पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. मृत्यूही कमी झाले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरगुती मिठाऐवजी असे मीठ वापरण्याची शिफारस केली. मात्र ती निरोगी मूत्रपिंडाच्या प्रौढांसाठी आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण तिच्यातून वगळले आहेत. चीनच्या चाचणीतही मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना घेतले नव्हते.

तुमच्या वडिलांची स्थिती नेमकी वेगळी आहे. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधे पोटॅशियम शरीरात राखतात. लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिलही त्यातलीच. त्यात सत्तरीचे वय आणि मधुमेह, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेले असण्याची शक्यता बरीच. अशा माणसाला वरून २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे मीठ दिवसाला ५ ग्रॅम दिले तर सुमारे ६५० मिलिग्रॅम पोटॅशियमची भर पडते, दीड केळ्याइतकी. सशक्त मूत्रपिंडाला ते काहीच नाही. दुबळ्या मूत्रपिंडाला जड जाऊ शकते. रक्तातले पोटॅशियम वाढते तेव्हा आधी काही जाणवतेच असे नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) आणि सीरम पोटॅशियम या तपासण्या करून डॉक्टरांना विचारा. पोटॅशियमची सर्वसाधारण पातळी ३.५ ते ५ असते. तोवर त्यांना साधे आयोडीनयुक्त मीठच, पण मोजून द्या. एकाच पातेल्यातले सगळे जेवत असाल तर हा नियम सगळ्या घराला लागू होतो. ज्या घरात कोणालाच अशी अडचण नाही, तिथे हे मीठ जरूर वापरा, फक्त चव फिकी म्हणून दीडपट घालू नका; मग सोडियम कमी होण्याऐवजी थोडे वाढतेच.

मी २९ वर्षांचा, बीपी ११८/७६. मला काहीच नाही तर मीठ का कमी करू? शिवाय मीठ फार कमी खाणेही धोक्याचे, असे संशोधन आहे म्हणतात. (नाशिक)

दोन्ही शंका रास्त आहेत. आकडे सांगतो. चार आठवडे किंवा जास्त काळ चाललेल्या चाचण्या एकत्र करून २०१३ मध्ये जो आढावा निघाला, त्यात मीठ दिवसाला सरासरी ४.४ ग्रॅमने कमी केल्यावर रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सुमारे ५ ने उतरला, नसलेल्यांचा अडीचच्या आत. म्हणजे तुमच्या ११८ चे ११६ होईल. एकट्यापुरते पाहिले तर फायदा तोळामासाच. पण तुमचे ११८ चाळिशीत १२८ आणि पन्नाशीत १४० होऊ शकते, ती चढण मंद करण्याशी मिठाचा संबंध आहे. १९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी, दहा हजारांवर लोकांची लघवी आणि रक्तदाब तपासले गेले. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते. मीठ जवळजवळ न खाणाऱ्या या लोकांचा वरचा रक्तदाब सरासरी शंभराच्या आत होता आणि वयाबरोबर तो चढत नव्हता. अर्थात ते लठ्ठ नव्हते, दारूही नाही, तेव्हा सगळे श्रेय मिठाला देणे बरोबर नाही.

कमी मिठाने धोका वाढतो असे दाखवणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत मीठ मोजले होते ते एका वेळच्या लघवीच्या नमुन्यावरून, सूत्र लावून. एका दिवसाचे मीठ दुसऱ्या दिवशी दुप्पट असू शकते, त्यामुळे हे मोजमाप कच्चे. शिवाय आजारी माणूस मुळातच कमी जेवतो. तो कमी मिठाने आजारी पडला की आजारामुळे कमी मीठ खातो, हे त्यातून उलगडत नाही. २४ तासांची लघवी अनेकदा गोळा करून केलेल्या अभ्यासात असा धोका दिसला नाही. तरीही या वादाचा तुमच्याशी फारसा संबंध नाही. वाद आहे तो खालच्या टोकाबद्दल. आपल्याकडचा माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त मीठ खातो. तो ५ वर आला म्हणून कोणाला कमतरता होत नाही. तुमचे खरे मीठ कळून घ्यायचे असेल तर २४ तासांच्या लघवीतले सोडियम तपासून घ्या. मिलिमोलमध्ये आलेल्या आकड्याला १७ ने भागा, मिठाचे ग्रॅम मिळतात: १७० आले तर १० ग्रॅम.

लिंबू पिळले किंवा भरपूर पाणी प्यायले की मिठाचा परिणाम उतरतो का? (अकोला)

उतरत नाही. लिंबामुळे मीठ कमी घालता आले तर तेवढाच त्याचा उपयोग.

ऊसतोडीचे काम करतो. दिवसभर घामाने अंग निथळते. डॉक्टरांनी बीपी १५०/९६ सांगून मीठ कमी करायला सांगितले. चक्कर आली तर काय? गावात चक्कर आली की मीठ-साखरेचे पाणी देतात. (बीड)

घामातून मीठ जाते, हे खरे आहे. लिटरभर घामात एक ग्रॅमपासून साडेतीन ग्रॅमपर्यंत मीठ असू शकते, माणसागणिक फरक. सवयीच्या कामगाराचा घाम आठ-पंधरा दिवसांत कमी खारट होतो, शरीर मीठ राखायला शिकते. त्यामुळे कार्यालयात बसणाऱ्याचे ५ ग्रॅम तुम्हाला जसेच्या तसे लावू नये. पण भाकरीबरोबरचा ठेचा, खारे दाणे आणि चहाबरोबरचे फरसाण हे घामाचे मीठ भरून काढण्याच्या नावाखाली चालू ठेवू नका. तोडणीच्या दिवशी नेहमीचे जेवण आणि भरपूर पाणी, तोड नसेल त्या दिवशी मोजके मीठ. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल (क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड), तर उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा. या गोळ्या, कडक अळणी आणि भर उन्हात नुसते पाणी, असे तिन्ही जमले की रक्तातले सोडियम फार उतरू शकते. म्हाताऱ्या माणसात याची सुरुवात गुंगी आणि असंबद्ध बोलण्याने होते.

चक्कर म्हणजे बीपी उतरले, असे धरून चालू नका. बीपी खूप वाढले, साखर उतरली, कान बिघडला, तरी चक्कर येते. आडवे करा, सावलीत न्या, बीपी मोजा. जमल्यास झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर उभे राहिल्यावर बीपी उतरते आहे. जुलाब, उलट्या किंवा खूप घाम झाला असेल तर ओआरएस योग्यच, पण मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात सगळे पाकीट ओतणे ही नेहमीची चूक. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला तर तोंडात काहीही घालू नका, तडक रुग्णालय गाठा.

महिनाभर मीठ निम्मे केले, तरी बीपी १४६-१५० च्या खाली येत नाही. मीठ-बीपी हे थोतांडच म्हणायचे का? (निवृत्त शिक्षक, वाई)

महिन्याभरात जो फरक पडायचा तो बहुतेक पडलेला असतो, आणि तो ५-६ आकड्यांचा असतो. तुमचे १५५ चे १५० झाले असेल. मीठ सगळ्यांत सारखे काम करत नाही. वयस्कर, मधुमेही आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत जास्त, काहींत अगदी थोडे.

आधी मोजणे तपासा. लघवी करून या, पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात छातीच्या पातळीवर, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मोजताना बोलणे नाही. पट्टा शर्टाच्या बाहीवर नको. सकाळ-संध्याकाळ एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर रक्तदाब आहे.

मग लपलेली कारणे शोधा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेता का? ती मीठ-पाणी राखतात. आम्लपित्तासाठी पाण्यात फसफसणारी पावडर? तिच्या ५ ग्रॅमच्या एका पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असू शकते, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम मीठ. रोज दोन पुड्या घेणाऱ्याचे निम्मे केलेले मीठ तिथेच परत आले. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळता का? त्याने शरीरात मीठ साठते, पोटॅशियम उतरते आणि बीपी चढते. ते बंद करून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. तरीही १५० च राहिले तर मिठाशी झगडत बसू नका. गोळीची गरज आहे.

आमच्याकडे रोज मासे, सोलकढी, कधी सुके. मालवणी माणसाने काय सोडायचे? (मालवण)

ताजा मासा सोडायचे कारण नाही. मीठ लावून ठेवता ती वेळ आणि ते मीठ कमी करा, हळद, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आले, लसूण लावून मुरवा. खारवलेला बांगडा मात्र महिन्यातून एखाद्या दिवशी. तो गार पाण्यात अर्धा-अर्धा तास दोनदा भिजवून पाणी टाकून द्या, कालवणात वेगळे मीठ घालू नका; तरी सगळे मीठ निघत नाही. नुसते उन्हात वाळवलेले बोंबील आणि जवळा त्या मानाने बरे, पण विकत घेताना चाखून पाहा.

आगळाकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते टिकते तेच मिठावर. आगळाच्या सोलकढीत चव पाहिल्याशिवाय मीठ नको. बीपी असलेल्याने आमसुले एकदा पटकन धुऊन मग कोमट पाण्यात भिजवून कढी करावी. आमसुलांनाही वाळवताना मीठ लावलेले असते.

इथे पाकिटावर "सॉल्ट" ग्रॅममध्ये लिहितात, भारतातून आणलेल्या फरसाणावर "सोडियम" मिलिग्रॅममध्ये. तुलना कशी करायची? (लेस्टर, इंग्लंड)

सोडियमला अडीचने गुणा. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. तुमच्याकडच्या लेबलांवर १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच्या वर मीठ असले की लाल खूण असते. हे फरसाण लाल झाले. आकडा "एका सर्व्हिंगचा" असेल तर सर्व्हिंग किती ग्रॅमचे तेही वाचा, बहुधा ते मूठभरही नसते. तुमच्या देशात कारखानदारांनी पावातले आणि तयार पदार्थांतले मीठ हळूहळू उतरवले आणि लोकांचे सरासरी मीठ दशकभरात, २०११ पर्यंत, ९.५ वरून ८.१ ग्रॅमवर आले. पाव तोच, गिऱ्हाईक तेच, तक्रार फारशी नाही.

नातू आठ महिन्यांचा. सून त्याच्या वरण-भातात मीठ घालू देत नाही. अळणी कसे खाईल पोर? (आजी, जळगाव)

सूनबाईंचे बरोबर आहे. वर्षाच्या आत वरून मीठ लागत नाही. दुधातून आणि अन्नातून येते तेवढे पुरते, आणि त्याचे कोवळे मूत्रपिंड जास्त मीठ झेपवू शकत नाही. अळणी आपल्याला लागते, त्याला खारटाची ओळखच नाही. घरच्या वरणातून त्याची वाटी मीठ घालायच्या आधी काढून ठेवा, वर चमचाभर तूप घाला. वर्षानंतर घरचेच, पण मीठ बेताचे. चीज, खारी बिस्किटे आणि पाकिटातले सूप त्याच्यापासून लांबच ठेवा.